सातबाऱ्यावर नसलेली नावं

मंगळवार, संध्याकाळ. सलमानिया, बहारीन

हॉस्पिटलातली ड्युटी संपवून आले आणि फोनवर गावचा सातबारा उघडला. आबा गेल्यावर जमिनीवर एकट्या दादाचं नाव लागलंय. माझं नाही. आईचंही नाही!

दादाला विचारलं, तर म्हणतो, "सुमे, तू बहारीनला सुखात आहेस. हक्कसोडपत्र पाठवतो, सही कर."

"नाही करणार."

"मग माहेर विसर."

पण विसरू का म्हणून? आबांची मुलगी आहे मी. तहसीलदारांकडे हरकत लिहायला बसले. आई दादाच्याच घरात राहते, तिला कसं विचारू? तेवढ्यात तिचाच फोन आला, अगदी हळू आवाजात.

"सगळं ऐकलं मी. तू तक्रार करशीलच. त्यात माझंही नाव घाल."

घातलं. तिचं आधी, मग माझं.