मेंदूला तूप पोचवण्याचा माझा उद्योग

जळगाव,
शुक्रवार दुपार (वीज गेली आहे, म्हणून सवड)

तीर्थरूप रुपचंदभाऊ,

शिरपूरकडे तोंड करून कौतिकचा साष्टांग नमस्कार. (जावयाने बायकोच्या भावाला साष्टांग घालायची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही वयाने वडील, आणि पत्रात नमस्कार घातला की गुडघे दुखत नाहीत.) वहिनींचा दमा या थंडीत कसा आहे? म्हैस व्याली का? मागच्या पत्रात मी म्हशीची चौकशी आधी केली आणि वहिनींची नंतर, ते त्यांनी मनाला लावून घेतलं असं कळलं. या वेळी क्रम तपासूनच लिहिलं आहे.

माझं दुकान जोरात आहे. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, त्यामुळे रोज कुणाची ना कुणाची जळकी मोटार दारात येऊन पडते. जळकी तार काढायची, तांब्याची नवी भरायची, वार्निशमध्ये बुडवून वाळवायची, हेच मी जन्मभर केलं. तारेवरचा तो पातळ थर शाबूत असला तर मोटार चालते. तो उडाला की तारा एकमेकींना चिकटतात आणि धूर निघतो. हे मी तुम्हाला तुमच्याच विहिरीवर समजावून सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही जांभई दिली होतीत. आता मात्र नीट वाचा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या वार्निशमुळे झाला.

तुमच्या बहिणीचं, भागाबाईचं विसरणं तुम्हाला माहीत आहेच. आधी गॅस, मग शेजारणीचं नाव, मग बाजारातून घरी यायचा रस्ता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि रक्तात कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून तूप बंद केलं. अशात तुमची नात पुनम (इथे फार्मसी शिकते, रविवारी जेवायला येते, गुणी पोरगी आहे) दुकानात बसल्या बसल्या म्हणाली की अंगातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा हिस्सा तरी एकट्या मेंदूत असतो. मेंदूतल्या तारांवर त्याचं वेष्टण असतं, म्हणून निरोप इकडचे तिकडे नीट पोचतात. एवढं ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वार्निश! भागाबाईचं वार्निश वाळलंय, आणि डॉक्टरांनी वरून डबाच बंद केलाय! पुनम पुढेही काही सांगत होती. पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं आणि मी उठलो. शास्त्राचा उरलेला अर्धा भाग त्या मोटारीखाली राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाठवलेल्या तुपाची मी गुपचूप रवानगी सुरू केली. सकाळचा स्वयंपाक आता माझ्याकडे असतो, त्यामुळे सोय होती. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीच्या पापुद्र्याखाली तूप, वरणात तूप, खिचडीत तर खिचडीच शोधावी लागे. ती निमूट जेवायची आणि मी समोर बसून तिच्या कपाळाकडे बघत राहायचो. मोटार वार्निशमधून काढली की तिला उन्हात ठेवून वाट बघायची असते, तशी मी वाट बघत होतो. एकदा तिने शेजारणीला नावाने हाक मारली आणि मला गगन ठेंगणं झालं. (शेजारणीनेच आधी आपलं नाव सांगितलं होतं, हे मागाहून कळलं.) मग हाव सुटली आणि मी चहातही चमचाभर सोडलं. तिने कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हाऊ चहा शे का वरन?" म्हणाली. एवढ्या तल्लख प्रश्नाने मला वाटलं, लागू पडलं!

लागू पडलं ते रक्ताला. पुढच्या तपासणीत आकडा असा चढला की डॉक्टरांनी चष्मा पुसून कागद परत पाहिला. मी त्यांच्या पंख्याची मोटार न्याहाळू लागलो. भागाबाईने मात्र चहाची हकीकत अगदी तपशीलवार सांगितली. (विसरायला एवढ्या गोष्टी असताना हिला नेमकं तेच आठवावं!) डॉक्टर मला जे बोलले ते नातेवाइकांना लिहिण्यासारखं नाही.

रविवारी पुनमने उरलेलं अर्धं शास्त्र सांगितलं. भाऊ, मेंदू बाहेरचं कोलेस्टेरॉल घेतच नाही. रक्त आणि मेंदू यांच्यात एक पडदा आहे, त्यातून ते आत जात नाही. तुमच्या म्हशीचं तूप तिथवर पोचून दाराबाहेरूनच परतलं. मेंदू आपलं आपण घरातच करतो. साखरेच्या बारीक तुकड्यांपासून, एकेक पायरी चढत. चांदण्यांच्या आकाराच्या पेशी असतात म्हणे, त्या ते तयार करतात आणि पुड्या बांधून शेजारच्या पेशींना देतात. एकदा घडलेलं मग वर्षानुवर्षं टिकतं. मी विचारलं, मग तुझ्या आत्याआजीच्या चांदण्या थकल्या का? पुनम म्हणाली, आजोबा, विसरण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि सगळी अजून कुणालाच माहीत नाहीत. मला ते उत्तर आवडलं नाही, पण पोरगी खरं बोलली.

तेव्हापासून तार भरताना माझे हात चालतात आणि मन तिकडे जातं. बंद दारामागे त्या चांदण्या बसल्या आहेत, कुणाकडे काही न मागता करतायत, वाटतायत. भागाबाई दारातल्या ओट्यावर उन्हात बसते आणि शिरपूरच्या गोष्टी सांगते: नदीच्या वाळूत पांढरी घोडी निजली होती, तुम्ही तिच्या अंगावर गोधडी घातलीत, रात्रभर गावात कुणी मोठ्याने बोललं नाही. हे खरं घडलं की तिने आत्ताच घरात तयार केलं, मला सांगता येत नाही. मी ऐकत राहतो, उतरतं ऊन तिच्या पायांवरून सरकत जातं, आणि त्या वेळी मला अगदी सुखी वाटतं. दुकानात गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा उठतो.

असो. एकूण इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही काळजी करू नये, आणि या थंडीत एवढा प्रवास करून येण्याची काही गरज नाही. वहिनींना नमस्कार. म्हशीलाही आठवण सांगा.

तुमचा,
कौतिक

ता. क. तूप पाठवणं बंद करा. अगदीच राहवत नसेल तर पुनमच्या नावाने पाठवा. ती मला थोडं देते.

ता. क. दुसरा. वर 'सगळं ठीक' लिहिलं ते वीज येईपर्यंतच्या भरात. मंगळवारी मी दुकानातून घरी आलो, तर भागाबाईने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "बसा भाऊ, त्या येतीनच आते." ती नवऱ्याची, म्हणजे माझीच, वाट बघत होती. मी बसलो. मग तिने मला तिच्या नवऱ्याबद्दल सांगितलं: हाताला गुण आहे, गरजूची मोटार आधी भरून देतो, मला कधी वाकडं बोलला नाही. एवढ्या संसारात यातलं एक अक्षर माझ्या कानावर पडलं नव्हतं. ती उठून दारातून रस्ता बघून आली; मीही तिच्यासोबत जाऊन बघितला. पुष्कळ वेळाने तिने मला ओळखलं आणि एवढा उशीर का केला म्हणून रागावली. भाऊ, तुमचं नाव ती अजून पहिल्या झटक्यात घेते. तोवर या.