बाचा ढोल उन्हात ठेव

दिवाल्या,

कागद मिळाला नाही, म्हणून दारावर कोळशाने लिहितोय. साहेबाच्या लाकूडतोडीवरून आलास की आधी भाकरी खा. आईला घेऊन मी नदीवर गेलोय.

बा गेल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून बसते. तळोद्याच्या वैद्याचं औषधही वाया गेलं. म्हणून रोज सकाळी मी तिला वाळूत सावकाश चालवतो. "पायाला वाळू कशी लागते, तेवढंच बघ," म्हणतो. पहिल्यांदा चिडली होती, "मी काय लंगडी बकरी आहे?"

दार संपलं. पुढचं तिच्या भिंतीवर लिहितो. आज ती मोकळी आहे.

काल चालताना तिचा पाय होळीतल्यासारखा पडला. बा ढोल वाजवायचा, बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून झुलायच्या, आपण मध्ये लुडबुडायचो, तसा. ती थांबली, लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "तुझ्या बाचा ढोल कुठे रे?"

तिला आठवण नको म्हणून आपणच तो माळ्यावर गवतात लपवलाय. काढ. कातडं उन्हात तापू दे, मग नदीवर घेऊन ये.

वाजव मात्र हळू. ती अजून हळूच चालते.

दलसिंग