रविवारचा चौथा मजला

सोमवार, ४ मार्च

आजपासून इमारतीची वीज-तपासणी. मालकांनी बाहेरून इंजिनिअर बाई बोलावल्या आहेत. सात मजल्यांची वीज जाते कुठे ते महिनाभर मोजायचं आणि पंधरा टक्के खाली आणायची. मॅनेजरना म्हणालो, मोजायचं काय त्यात, मला विचारा. तेवीस वर्षं या इमारतीची थंड हवा मी सांभाळतोय. त्यांनी विचारलं नाही.

बाई तिशीच्या. पाठीवर पिशवी, पिशवीत काडेपेटीएवढ्या डब्या. दिसेल त्या वायरीला एक डबी अडकवत सुटल्या. डबी मिनिटामिनिटाला वीज मोजते आणि लक्षात ठेवते म्हणे. मी मनातल्या मनात त्यांना डबीबाई म्हणायला लागलोय.

घरी आलो तर बाथरूमचा दिवा चालू, आत कोणी नाही. बायकोला म्हणालो, रिकाम्या खोलीला उजेड दाखवून काय मिळतं? म्हणाली, "तुम्ही आलात ना बघायला."

बुधवार, ६ मार्च

दुसऱ्या मजल्यावरचे लोक तीन वर्षं थंडी वाजते म्हणून तक्रार करतायत. स्वेटर घालून बसतात. चौघांनी तर टेबलाखाली हीटर लावलेत. मी त्यांना सांगत आलोय — थंडीत झोप येत नाही, काम चांगलं होतं.

डबीबाईंनी आज अर्ध्या तासात कारण काढलं. त्या मजल्याचा तापमापक झेरॉक्स मशीनच्या मागे. मशीन गरम वारा सोडतं, तापमापकाला वाटतं मजला पेटलाय, मग एसी जिवाच्या आकांताने गार करत सुटतो. लोक गारठून हीटर लावतात. म्हणजे एकाच खोलीत वरून गार, खालून गरम, आणि दोन्हीचं बिल एकच. बाईंनी विचारलं, मशीन इथे कुणी आणलं?

मीच आणवलं होतं. जागा सोयीची होती. आठवत नाही म्हणालो.

शुक्रवार, ८ मार्च

तापमापक पलीकडच्या भिंतीवर लावला. चारही हीटर जमा केले. आभार कुणीच मानले नाहीत.

रविवार, १० मार्च

सुट्टी. बारकीचा फोन आला — अर्थात आईच्या फोनवर. दूर दुसऱ्या शहरात असते, पोरांना पोहायला शिकवते. अर्धा तास दोघींचं गुळपीठ. माझ्या वाट्याला शेवटी, "बाबा बरे आहेत ना?" ते आईला विचारलेलं. मी समोरच बसलो होतो. आता तीस वर्षांची होईल, पण आमच्यात नऊ वर्षं हे असंच. सवय झाली म्हणतात तसं झालंय.

सोमवार, ११ मार्च

मोठी चोरी सापडली!

बाईंनी आठवड्याचा आलेख दाखवला. कालच्या रविवारी इमारत रिकामी, पहारेकरी आणि पंपावरचा नाना सोडला तर चिटपाखरू नाही. तरी सकाळी बरोब्बर नऊला आलेख जिना चढल्यासारखा वर, संध्याकाळी पाचला खाली. बावीस किलोवॅट. चौथ्या मजल्यावरची कोपऱ्यातली मीटिंगची खोली. एक खोली गार करायची तर गच्चीवरचा मोठा चिलर, पाण्याचे पंप, पंखे असं सगळं चालू करावं लागतं. म्हणजे एका माणसाच्या चहासाठी लग्नाचं पातेलं चढवायचं.

बाईंनी मीटरच्या जुन्या नोंदी काढल्या. दर रविवारी हेच. किती वर्षं, देव जाणे. त्या म्हणाल्या, माणूस असेल किंवा वेळापत्रक असेल, बघावं लागेल. मी म्हणालो, बघायचं काय, माणूसच आहे. मला ठाऊक आहे कोणता.

मंगळवार, १२ मार्च

नानाच्या पंपाच्या खोलीत गेलो. आम्ही दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. मी वर चढलो, तो तळघरात राहिला. रविवारची पाळी बारा महिने त्याचीच. मागून घेतलेली — घरी जाऊन कुणाचं तोंड बघू म्हणतो. खोलीत उबट हवा, पंपाची घरघर. एक टेबल, दोन खुर्च्या. एकीवर उशी. एकट्या माणसाला दोन खुर्च्या कशाला?

सरळ विचारलं. रविवारी चौथ्या मजल्यावर एसी लावून झोपतोस का?

म्हणाला, "नाही."

मग चालू कसा होतो?

"आपोआप होतो."

मी म्हणालो, नाना, तेवीस वर्षांत मी आपोआप काहीच होताना पाहिलं नाही. तो मग म्हणाला, "नीट आठव." मी काय आठवू? चोर तो चोर, वर शिरजोर.

बाहेर पडताना पाहिलं, टेबलामागची भिंत पेन्सिलीने गिचमिड करून ठेवलीये. आकडे, अक्षरं, बाण, वर्तुळं. निम्मी गिचमिड पाइपामागे. याला धड सतराचा पाढा येत नाही, आणि भिंतीवर ही विद्वत्ता.

गुरुवार, १४ मार्च

मॅनेजरकडे लेखी अहवाल दिला. रात्री जेवताना बायकोला वाचून दाखवला — "सदर कर्मचारी रविवारी कामाच्या वेळेत चौथ्या मजल्यावरील वातानुकूलन खासगी आरामासाठी वापरत असल्याचा दाट संशय आहे. तसेच त्याने पंपाच्या खोलीची भिंत विद्रूप केली आहे." 'विद्रूप' शब्द मला आवडला.

बायको म्हणाली, "त्याचे चौदा महिने राहिलेत हो निवृत्तीला. आत्ता काढलं तर काय मिळेल त्याला?"

म्हणालो, वीज वाया घालवणाऱ्याची मला कीव येत नाही. तिने ताट उचललं. स्वयंपाकघरातला दिवा मात्र चालूच ठेवला, मुद्दाम.

सोमवार, १८ मार्च

नानाला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. दोष सिद्ध झाला तर परत घेणार नाहीत, मॅनेजर म्हणाले. जाताना त्याने किल्ल्या माझ्याच हातात दिल्या. कोणता पंप कधी कुरकुरतो ते सांगितलं. दुसरं काही बोलला नाही. वाटलं होतं भांडेल.

कालच्या रविवारीही आलेख चढला. तेव्हा तो कामावर होताच. पुरावा भक्कम झाला.

बुधवार, २० मार्च

पंपाची खोली रंगवून घेतली. रंगारी म्हणाला, पेन्सिल खालून डोकावते, तीन हात द्यावे लागतील. म्हणालो, चार दे. पांढराशुभ्र. खोली एकदम मोठी वाटते.

शुक्रवार, २२ मार्च

दुपारी डबीबाईंनी बोलावलं. नियंत्रणाच्या संगणकात जुनी वेळापत्रकं असतात — कोणत्या मजल्याचा एसी कधी चालू, कधी बंद. त्यांनी सगळी उघडली होती. एकशे चाळीस. त्यातलं एक फक्त रविवारचं. चौथा मजला, नऊ ते पाच, वीस डिग्री. सुरू केल्याची तारीख नऊ वर्षांपूर्वीची. शेवटची तारीख भरायची जागा रिकामी.

"हे तुमच्या पासवर्डने केलेलं आहे," त्या म्हणाल्या. "आणि याला नाव दिलंय. बारकी. हा काही कोड आहे का?"

मी म्हणालो, नाही. मुलगी आहे.

सगळं एकदम आठवलं. त्या वर्षी बारकीची मोठी परीक्षा होती. आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्र्याचं छप्पर, खाली वेल्डिंगचं दुकान. मी तिला रविवारी चौथ्या मजल्यावर बसायची परवानगी काढून दिली. वेळापत्रक मीच घातलं, संगणक नवा होता तेव्हा, मोठ्या ऐटीत. सकाळी तिला फाटकापाशी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. दार उघडायला नाना. सहा महिने. परीक्षेत ती नापास झाली. निकालाच्या दिवशी मी एक वाक्य बोललो — "एवढी गार खोली दिली, तरी?" पुढच्या महिन्यात ती घर सोडून गेली. खोलीचं वेळापत्रक काढायचं मला सुचलंच नाही. रविवारी मी घरी असतो.

बाईंनी गणित केलं. ब्याऐंशी हजार युनिट. आमच्या घराला पंचेचाळीस वर्षं पुरली असती. बाथरूमच्या दिव्यासकट.

तसाच मॅनेजरकडे गेलो. अहवाल मागे घेतला, नवा लिहून दिला. "सदर चूक माझी आहे." पाच मिनिटांत लिहून झाला, 'विद्रूप' वगैरे काही नव्हतं. ते म्हणाले, तुमच्यावर शेरा येईल, पगारवाढ थांबेल. म्हणालो, येऊ दे. नानाला आजच्या आज फोन करा.

शनिवार, २३ मार्च

नाना आला. मी पंपाच्या खोलीत आधीच जाऊन थांबलो होतो. माफी मागितली. हात जोडून मागितली, लाज वाटत होती म्हणून लवकर उरकली.

म्हणालो, तुला माहीत होतं ना?

"पहिल्यापासून."

मग बोलला का नाहीस?

"मला वाटलं, पोर परत येईल म्हणून तू चालू ठेवलंयस. म्हटलं, राहू दे. त्याचं त्याला." किल्ल्या त्याने खिशात टाकल्या. "मग तू तो कागद लिहिलास. तेव्हा कळलं, तू विसरलायस. मी कशाला बोलू? बोलून तुझीच नोकरी गेली असती."

तो भिंतीकडे बघत उभा राहिला. मी विचारलं, कसा बसलाय रंग?

म्हणाला, "चांगला बसलाय."

रविवार, २४ मार्च

सकाळी सुट्टी असून इमारतीत गेलो. बाई संगणकापुढे होत्या. नऊ वाजले, आलेख सपाट. त्यांच्या अहवालात पहिलंच कलम आहे — एक ओळ खोडणे. खर्च शून्य, बचत सगळ्यात मोठी. ती ओळ मी नऊच्या आधीच माझ्या हाताने खोडली होती. संगणकाने विचारलं, नक्की? बराच वेळ बोट वर धरून बसलो.

आज रात्री बारकीला मी फोन करणार. माझ्या फोनवरून. बायकोला सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

सोमवार, २५ मार्च

काल तिने उचलला. मी सगळं सांगितलं — वेळापत्रक, नाना, शेरा. आणि ते वाक्य बोलायला नको होतं, हेही. मग म्हणाली, "बाबा, त्या खोलीत मी दोनच रविवार बसले. बोटं आखडायची, पेन धरता यायचं नाही. तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, थंडीत झोप येत नाही. मग नानाकाकांनी खाली टेबल मांडून दिलं. खुर्चीवर उशीसुद्धा. सहा महिने मी पंपाच्या खोलीतच होते. वही संपली की भिंतीवर गणितं सोडवायचे. आहेत का अजून ती?"

नाहीत म्हणालो. रंग दिला.