मगरीची गोष्ट ऐकून घेणारी

भाचीबाई,

प्रवासातून दमून आली असशील, आधी बस. तोंडाने सांगितलं असतं तर मी रंगवून सांगितलं असतं, म्हणून लिहितोय.

तुझ्या आईने मृत्युपत्रात वाटणीचं काम माझ्यावर सोपवलं. मंगळवारी तुझा फोन आला. नंबर नवा, आवाज बसलेला. "मामा, सर्दी झालीय. जुनं खातं बंद केलं, आईचे पैसे नव्या खात्यात टाक." बोलता बोलता मी मगरीच्या पाठीवरून नदी ओलांडल्याची गोष्ट काढली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली, वर "मग काय झालं?" असंही विचारलं. तिथेच ओळखायला हवं होतं. तू कधी माझी मगर पाण्यात तरी उतरू दिलीस का? पण मी हुरळलो आणि पैसे पाठवले. तुझ्या जुन्या नंबरावर एक फोन करायचंही सुचलं नाही.

काल तुझ्या जुन्या नंबरावरून तू विचारलंस, "मामा, पैशांचं कधी बघायचं?" तेव्हा कळलं, मंगळवारी बोलली ती तू नव्हतीस. नुसतं "बघू" म्हणालो.

बँकेच्या रोजच्या मर्यादेमुळे निम्मेच गेले. मी बँकेत जाऊन तक्रार देतो, मग पोलिसांकडे. गेलेले माझी ठेव मोडून भरीन.

उरलेल्या पैशांसाठी पासबुक आणि ओळखपत्र घेऊन उद्या अकराला बँकेत ये. आधी एक रुपया पाठवू, पोचलेला डोळ्यांनी बघू, मग बाकीचे. पावतीवर तुझी सही घेईन.

भाची म्हणून येऊ नकोस, तुला माझी कीव येईल. वारसदार म्हणून ये.

मामा