जर्मन विजेत्याच्या फोटोची घडी

बाबा, तुमच्या त्या जर्मन देवाचा फोटो आज मी फ्रेममधून काढला, आणि तेव्हापासून मला किळस येतेय. त्याची येतेय, तुमचीही येतेय. मस्कतमध्ये, वादी कबीरच्या या फ्लॅटमध्ये तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर पालथा पडलाय.

इथल्याच मत्रहच्या बाजारातल्या गोदामात तुम्ही स्टोअरकीपर होतात. दुपारी बाजार बंद झाला की शटर अर्धं ओढून पॅकिंगच्या टेबलावर जाळी बांधायचात आणि मला खेळायला शिकवायचात. भिंतीवर हा, जुन्या इंग्रजी मासिकातून कापलेला. टेबल टेनिस नुकतं कुठे रांगायला लागलं होतं, तेव्हाचा हा खेळाडू. त्याची अख्खी कारकीर्द तुम्हाला तोंडपाठ. घरच्या जेवणाच्या टेबलावर शिकला, दाणेदार रबराच्या बॅटने नुसता बचाव करून भल्याभल्यांना दमवलं, देशाचा विजेता झाला. एकदा हरल्यावर मी बॅट आपटली, तर कान धरून मला त्याच्यासमोर उभं केलंत. "माफी माग त्याची. असा माणूस व्हायला सात जन्म लागतील तुला." आणि मी मागितली हो! दहा वर्षांचा मी, नाक पुसत, त्या माणसाची माफी मागतोय.

आज कळलं, फोटोची एक बाजू मागे दुमडलेली आहे. घडी उलगडली तर त्याचा दुसरा हात दिसला, नाझी सलामीत ताठ वर गेलेला. खाली दोन ओळी इंग्रजीत. संघात पहिल्या नंबरावर याचा डबल्सचा जोडीदार होता. तो ज्यू, म्हणून त्याचं नाव कापलं, त्याची जागा याला मिळाली आणि मग हा विजेता झाला. तुम्हाला इंग्रजी चांगलं यायचं, बाबा. घडीसुद्धा नखाने दाबून घातलेली आहे, तुम्ही डिलिव्हरी नोट दुमडायचात तशी. शी! सगळं माहीत असून मला त्याच्यापुढे उभं केलंत?

फ्रेम कशाला उघडली, तेही सांगतो. शुक्रवारी आमच्या क्लबचा सिंगल्सचा कप मी जिंकलो. खरं तर माझा डबल्सचा जोडीदार माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळतो. सावंतवाडीकडचा आहे, एसी दुरुस्तीचं काम करतो. उपांत्य सामन्यात त्याने मला धुऊन काढलं होतं. गावी त्याची बायको आहे, दोन मुलं आहेत, पण पगार फॅमिली व्हिसाला पुरत नाही, म्हणून इथे एकटा राहतो, इथल्या भाषेत बॅचलर. सामना संपल्यावर सेक्रेटरींना जाग आली. म्हणाले, "कप फक्त फॅमिली मेंबर्ससाठी आहे. रूल इज रूल. फायनल तुम्ही खेळा, खलास." मी तोंडातून ब्र काढला नाही. उलट त्यानेच मला समजावलं, "रवांदे दादा, तुमी खेळा. माका ड्युटी आसा." मग मी खेळलो. टाळ्यासुद्धा घेतल्या, निर्लज्जासारख्या.

तुम्हाला जाब विचारायला म्हणून लिहायला बसलो होतो. पण तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकू कुठे, आणि कुठल्या तोंडाने? तुमच्या फ्रेममध्ये लावायला मी माझा फोटो छापून आणलाय. उपांत्य सामन्यानंतर काढलेला, आम्हा दोघांचा. बाजूचा माणूस कापून टाक, असं दुकानदाराला मीच सांगितलं. त्याने कापला, तरी जोडीदाराची चार बोटं माझ्या खांद्यावर राहिलीच. ती घालवता येतील का, हेही मी विचारून आलो, बाबा.