नागूदादाच्या दारातलं गाणं

दहिवली, शुक्रवार

आये,

तुझी मंगळी धड हाय, आधी ते सांगते. विकासच्या हाती चिठ्ठी धाडतेय, तोच वाचून दाखवील. सिनेमाच्या गाण्यांना चाली लावणाऱ्या आपल्या साहेबांच्या बंगल्याचं संग्रहालय झालं, तिथंच लादी पुसते. पोटभर मिळतं. तुझा गुडघा कसा हाय?

इथं बटण दाबलं की तुझं गाणं वाजतं. मयताच्या दाराशिवाय ते तोंडात आणायचं नसतं. पण तू त्यांची भांडी घासायचीस, साहेबांनी म्हण म्हटल्यावर नाय कसं म्हणणार? त्यांनी ढोल लावून त्याचं सिनेमातलं लग्नाचं गाणं केलं. पाटीवर त्यांचंच नाव हाय. बघायला आलेले लोक त्यावर नाचतात.

आपला नागूदादा गेला तवा दारात तू तेच गाणं धरलंस, नि वाडीतली पोरं नाचायला लागली. तू मधीच गप झालीस. त्यानंतर गायलीस का गं?

सोमवारी साहेबांच्या बाईसाहेब वारल्या. रविवारी बंगल्यात शोकसभा हाय. मॅनेजर म्हणतो, "मंगळे, आईला आण. काहीतरी जुनं, रडवणारं म्हणू दे."

गाडी येईल. धुतलेलं लुगडं नेस. तेच गाणं म्हण आये, नि मधी थांबू नको. त्यांची पोरंबी नाचूदेत.

तुझ्या पायावर डोकं ठेवून,
मंगळी