दारोदार उलटतपासणी

२ जानेवारी
वकिली बंद. पक्षाने वॉर्डाचं तिकीट दिलं. सगळ्या केसेस धाकट्या भावाला देऊन टाकल्या. परतीचे दोर कापले की माणूस जिंकतोच. बायको म्हणाली, नळाला पाणी येत नाही. म्हटलं, आधी निवडून येऊ दे.

५ जानेवारी
प्रचार. पाय दुखतात. पहिल्याच दारात एक आजी. म्हणाल्या, पाणी येत नाही. कोणत्या तारखेपासून? आठवेना. रोज नाही की अधूनमधून? गोंधळल्या. मग हा चहा कशाचा केलात? आजींनी रिकामा कप उचलून आत नेला.
साक्षीदार कोसळला. मत पक्कं. चहाही बरा होता.

९ जानेवारी
शिंपी म्हणाला, खड्ड्यात पडून हात मोडला. पडण्याआधी खड्डा पाहिला होता? नाही. मग पडलात ते खड्ड्यामुळेच, हे कशावरून? त्याने दार लावून घेतलं. उलटतपासणी संपली.
कार्यकर्ता म्हणाला, साहेब, नुसतं 'हो, बघतो' म्हणत जा. पुराव्याशिवाय कबुली? उभ्या आयुष्यात दिली नाही.
तरी उद्यापासून सौम्य बोलायचं.

१० जानेवारी
सौम्य बोललो. म्हणजे आवाज सौम्य. प्रश्न तेच.

१६ जानेवारी
घसा बसला. लोक आता दारच उघडत नाहीत. याचा अर्थ तक्रारी संपल्या.
भावाचा फोन. जुने अशील विचारतात, दादा परत येणार का. म्हटलं, त्यांना सांग, आता विसरा. फोन ठेवून पडून राहिलो. विजयाआधी थकवा येतोच.

२२ जानेवारी
निकाल लागला. पडलो. आमच्या इमारतीनेही हात दिला नाही.
बायकोला विचारणार होतो, मत कुणाला दिलंस. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये, हा वकिलीतला पहिला नियम. हे उत्तर माहीत होतं. तरी विचारलं नाही.

२३ जानेवारी
भावाला फोन केला. अशील आता त्याच्याकडेच खूश आहेत. म्हणाला, दादा, तू जरा आराम कर.
बायकोने हातात बादली दिली. नळ कोरडा. खाली टँकरच्या रांगेत उभा राहिलो. पुढे त्याच आजी. त्यांनी वळून पाहिलं, माझ्या हातातली बादली पाहिली.
"काय वकीलसाहेब, तुमच्याकडेही नाही? कोणत्या तारखेपासून?"
आठवेना.